कार्ड बदलायचं होतं, आधी बदललं भलतंच

२०१८च्या नोव्हेंबरात मी कॉम्प्युटरसाठी एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड घेतलं, सहा जीबी मेमरीचं. जानेवारी २०१९मध्ये आरटीएक्स २०६० आलं, माझ्या कार्डाच्या दीडपट वेगाचं. 'दोन महिने कळ काढली असती तर' हे वाक्य मी पुढे दोन वर्षं स्वतःला ऐकवत होतो.

मग २०२०मध्ये शहाणपण सुचलं. सप्टेंबरात एनव्हिडियाच्या कार्डांची नवी ३० मालिका जाहीर झाली. पहिल्या झुंबडीत कशाला शिरायचं, भाव जरा उतरू देत, म्हणून थांबलो. भाव उतरायचे राहिले बाजूला, कार्डंच दिसेनाशी झाली. चिपचा तुटवडा, घरात अडकलेले लोक आणि त्यात इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग करणारे, म्हणजे अशा कार्डांवर गणितं सोडवून नाणी मिळवणारे. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने मायनिंगची पद्धतच बंद केली आणि वापरलेल्या कार्डांचा पूर आला. तेव्हा चोवीस तास राबलेलं कार्ड घ्यायचा धीर होईना. (अशी कार्डं बऱ्याचदा ठणठणीत असतात, पंखे तेवढे झिजलेले असतात. पण हे मला नंतर कळलं.) २०२३मध्ये ४०६० टीआय आलं, तेही सुरुवातीला आठ जीबीचंच आणि आधीच्या ३०६० टीआयच्या जेमतेम पुढे. तेव्हाही नाक मुरडलं.

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. माझं ताकानेही पोळलं होतं.

ऑक्टोबर २०२४मध्ये पुन्हा तोच प्रश्न समोर आला. शनिवार-रविवारी मी ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये काहीबाही करत असतो. एका खोलीचा सीन रेंडर करायला, म्हणजे त्याचं पूर्ण चित्र काढायला टाकला तर 'सिस्टिम इज आउट ऑफ जीपीयू मेमरी' असा लाल मजकूर आला. कार्डाची मेमरी संपली. टेक्स्चरं, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेली चित्रं, अर्ध्यावर आणली, पुन्हा तेच. शेवटी प्रोसेसरवर रेंडर लावून झोपलो. रोज संध्याकाळी खेळतो तो शहर वसवायचा गेम लोकसंख्या वाढली की रांगायला लागायचा, ते वेगळंच. मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, जानेवारीत नवी मालिका येतेय. आत्ता घेतलंस तर पुन्हा २०१८ होईल."

वर्मी लागलं. थांबायचं ठरलं. पण यावेळी नुसतं बसून न राहता कार्ड नेमकं कुठे कमी पडतंय ते आधी मोजायचं, असं ठरवलं. सहा वर्षांत हे एकदाही केलं नव्हतं.

आफ्टरबर्नर हा मोजमापाचा प्रोग्रॅम लावला, स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे दिसायला लागले आणि शेजारी वही घेऊन बसलो. ज्या गेममध्ये जंगलातून हिंडायचं असतं तिथे कार्डाचा वापर सतत ९९ टक्के. म्हणजे तक्रार रास्त. मग शहराचा गेम उघडला. कार्डाचा वापर ५८ टक्के, सेकंदाला फ्रेम २६. बिचारं कार्ड जवळजवळ निम्मा वेळ रिकामं बसलं होतं! प्रोसेसरचा एकूण वापर ४५ टक्के दिसत होता, म्हणून आधी वाटलं की तोही मोकळाच आहे. प्रोसेसरच्या आतल्या सहा कोअरपैकी, म्हणजे कामं वाटून घेणाऱ्या भागांपैकी, प्रत्येकाचा आकडा वेगळा लावला तेव्हा एक कोअर शंभरला टेकलेला दिसला. बाकीचे पाच बरेचसे रिकामे. एकूण टक्केवारी इथे चक्क फसवते.

खात्री करायची सोपी युक्ती आहे. गेमचं रिझोल्यूशन मुद्दाम खाली आणायचं. मी १०८०पीवरून ७२०पीवर आणलं. जंगलवाल्या गेमच्या फ्रेम उड्या मारत वर गेल्या, शहराच्या २६च्या २७ झाल्या. चित्र लहान केल्यावरही वेग वाढत नसेल तर अडचण चित्र काढणाऱ्याची नाही. त्या गेमपुरतं बोलायचं तर मी जगातलं सगळ्यात महागडं कार्ड आणलं असतं तरी माझं शहर तसंच रांगलं असतं.

मग टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान उघडलं आणि कपाळावर हात मारला. स्पीड २१३३. रॅमच्या दोन्ही स्टिकवर ३२०० छापलेलं. मागे कधीतरी मी बायोस, म्हणजे बोर्डातलाच मूळ प्रोग्रॅम, अपडेट केला होता, त्यात एक्सएमपी ही रॅमला छापील वेगाने चालवणारी सेटिंग पुसली गेली आणि ती परत चालू करायचं मी विसरलो. किती महिने मी त्या वेगाने चालत होतो देव जाणे. एक्सएमपी चालू केलं, शहर २६वरून ३१वर आलं. फुकटात.

हुरूप आला, म्हणून कार्डही उघडलं. त्याचं तापमान ८३ अंशांवर जाऊन अडायचं आणि तिथे ते स्वतःच क्लॉक, म्हणजे आपला वेग, खाली घ्यायचं. मागचे स्प्रिंगवाले चार स्क्रू थोडे थोडे, तिरक्या जोड्यांनी सैल केले. चिपची उष्णता शोषणारा धातूचा हीटसिंक तरी सुटेना. जोर लावायच्या आधी कार्ड पुन्हा बसवून दहा मिनिटं गेम चालवला, चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट गरम झाली, मग जरा पिळल्यासारखं केल्यावर 'चट्' करून सुटला. पंख्याची बारीक वायर अजून बोर्डाला जोडलेलीच होती. ती तुटता तुटता वाचली, तिथे घाम फुटला. आतली पेस्ट राखाडी, कोरडी, नख लावलं की पापुद्रे निघत होते. पुसून नवी लावली. तापमान ७१. फ्रेममध्ये फार फरक पडला नाही, पण पंख्याचा आवाज गेला आणि नवं कार्ड घ्यायची माझी निम्मी तलफ त्याच्यासोबत गेली. त्यातली बरीचशी त्या आवाजाचीच होती तर.

प्रोसेसर होता रायझन ५ २६००, बोर्ड बी४५०. याच बोर्डावर, बायोस नवा असला की, रायझन ५ ५६०० बसतो. रॅम तीच, बोर्ड तोच. कार्डासाठी राखलेल्या पैशांतला छोटा हिस्सा काढून नोव्हेंबरात तो घेतला. शहर ५२ फ्रेमवर गेलं. बदलायचं होतं कार्ड, बदलला प्रोसेसर, आणि रोजच्या खेळातली कुरकुर थांबली.

आता थांबणं सोपं झालं. कागदावर लिहून काढलं की मी नक्की कशाची वाट पाहतोय. १६ जीबी मेमरी, कारण ब्लेंडर. एनव्हिडियाचंच, कारण ब्लेंडरचं रेंडर करणारा सायकल्स त्यावर जास्त पळतो. लांबी २७० मिलिमीटरच्या आत, कारण माझ्या कॅबिनेटमध्ये पुढे हार्ड डिस्कचा पिंजरा आहे आणि तो रिव्हेट मारलेला आहे. विजेचं आठ पिनांचं एकच कनेक्शन. आणि सगळ्यात खाली तारीख: ३१ ऑगस्ट २०२५. तोवर यात बसणारं काही आलं नाही तर वापरलेलं ३०६० घ्यायचं, बारा जीबीचं, आणि विषय मिटवायचा. आधीच्या वेळी तारीखच नव्हती, म्हणून थांबणं संपायचंच नाही.

डिसेंबरात एक धक्का बसला. 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' हा गेम आला आणि त्याला हार्डवेअर रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशाच्या किरणांचा हिशेब करायची खास सोय, असलेलंच कार्ड लागतं. तोवर माझं कार्ड हळू चालायचं. सेटिंग खाली आणा, लहान चित्र काढून ते मोठं करणारं एफएसआर लावा, जाळीचं कुंपण आणि झाडांची पानं थरथरतात तिकडे काणाडोळा करा, की निभायचं. इथे मात्र दारातूनच परत. हळू आणि बंद यांत फरक आहे, आणि माझं कार्ड दुसऱ्या रांगेत जाऊन उभं राहायला लागलं होतं.

६ जानेवारी २०२५ला ५० मालिका जाहीर झाली. मंचावरून सांगितलं गेलं की ५०७०ची कामगिरी मागच्या मालिकेतल्या सगळ्यात वरच्या ४०९०सारखी. मित्राचा लगेच मेसेज, "बघ, सांगितलं होतं ना!" पण त्या तुलनेत मल्टी फ्रेम जनरेशन धरलेलं होतं. प्रत्येक खऱ्या फ्रेममागे तीनपर्यंत तयार केलेल्या फ्रेम घुसवायच्या. चित्र गुळगुळीत दिसतं हे खरं, पण माउस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद खऱ्या फ्रेमवरच ठरतो. आणि ब्लेंडरच्या रेंडरला त्याचा काडीचा उपयोग नाही. तेव्हापासून कुठलाही आलेख पाहिला की मी आधी तळाची बारीक अक्षरं वाचतो.

३० जानेवारीला वरची दोन कार्डं विक्रीला आली आणि आल्या आल्या संपली. मधल्या काळात मागच्या मालिकेतली चांगली कार्डंही कमी झाली होती. 'नवं आलं की जुनं स्वस्त होईल' या हिशेबावर मी दोनदा विसंबलो होतो. जुन्याचं उत्पादन आधीच आवरतं घेतलं असेल तर स्वस्त व्हायला माल उरतोच कुठे? ज्यांना वरचंच कार्ड हवं होतं त्यांचे ते दोन-तीन महिने फार वाईट गेले. मी शांत होतो, कारण माझ्या कागदात बसणारं नवं कार्ड अजून यायचंच होतं.

१६ एप्रिलला ५०६० टीआय आलं. एकाच नावाची दोन कार्डं, आठ जीबी आणि सोळा जीबी. नाव तेच ठेवून मेमरी निम्मी करायची ही रीत मला अजिबात पटत नाही. घाईत घेणारा हमखास चुकतो. माझ्या बाबतीत तर फरक आणखी मोठा होता. कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या पीसीआयई या रस्त्याच्या हे कार्ड आठच लेन वापरतं, आणि माझा बोर्ड जुन्या, हळू ३.० पिढीचा. कार्डावरची मेमरी पुरली तर फारसं बिघडत नाही. ती भरून सांडायला लागली की जास्तीचा माल त्याच अरुंद रस्त्याने रॅममधून ये-जा करतो आणि खेळ अडखळतो. म्हणजे जुन्या बोर्डावर आठ जीबीचा तोटा दुप्पट. ५ जूनला एनव्हिडियाच्या स्पर्धक एएमडीचं ९०६० एक्सटी आलं, त्याचंही सोळा जीबीचं रूप होतं. नुसते गेम खेळत असतो तर बहुधा तेच घेतलं असतं.

तरी लगेच घेतलं नाही. दोन पंख्यांचं, २७०च्या आत बसणारं मॉडेल हवं होतं. पुठ्ठ्याची तेवढी पट्टी कापून कॅबिनेटमध्ये धरून पाहिली, पिंजऱ्यापासून बोटभर जागा राहते की नाही ते. पॉवर सप्लायही सहा वर्षं जुना होता, तो आधी बदलला. जुलैमध्ये बातमी आली की पास्कल पिढीच्या कार्डांना, म्हणजे माझ्याही, गेमसाठीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबरपर्यंतच मिळणार, पुढे फक्त सुरक्षेचे अपडेट, २०२८पर्यंत. माझी तारीख आणि ही तारीख जवळजवळ आली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सोळा जीबीचं ५०६० टीआय घेतलं.

बसवल्यावर सवयीने पहिल्यांदा शहरच उघडलं. कोपऱ्यात आकडे होतेच. फ्रेम ५३. कार्डाचा वापर २४ टक्के. मी हसलो, गेम बंद केला आणि तो ऑक्टोबरचा खोलीचा सीन शोधला. टेक्स्चरं पुन्हा मूळ आकाराची केली आणि रेंडर सुरू करणारं एफ१२ दाबलं.