ड्रिगच्या कुंपणापाशी पाऊस

ड्रिग स्टेशनवर गाडी आपणहून थांबत नाही. एसटीला दाखवतो तसा हात दाखवावा लागतो. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, कम्ब्रियातलं हे छोटंसं गाव. दुसऱ्या महायुद्धात इथे टीएनटी या स्फोटकाचा कारखाना होता. त्याच जागेत 1959 पासून कमी तीव्रतेचा किरणोत्सारी कचरा पुरतात: हातमोजे, कपडे, पाइप, पाडकामाचा राडारोडा. आधी तो चरांत टाकून वर माती लोटत. 1988 पासून काँक्रीटच्या कोठारांत कंटेनर रचले जातात. सेलाफिल्डचा अणुप्रकल्प इथून पाच-सहा किलोमीटरवर.

आसपासच्या गॅमा किरणांची नोंद ठेवणं हे माझं काम. तिपाईवर, जमिनीपासून एक मीटर उंचीवर डिटेक्टर ठेवायचा आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबायचं. आई फोनवर पहिला प्रश्न हाच विचारते, "तब्येत बरी आहे ना गं?"

पहिल्याच महिन्यात कुंपणालगत उभी असताना पावसाची जोरदार सर आली आणि आकडा चढायला लागला. तासाला 0.08 मायक्रोसीव्हर्ट (किरणोत्साराची मात्रा मोजायचं एकक) होता, तो बघता बघता 0.11 वर गेला. माझ्या छातीत धस्स झालं. वरिष्ठांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "तिथेच थांब. पाऊस गेल्यावरही मोजत राहा." दर पाच मिनिटांनी लिहीत राहिले, वहीची पानं ओली होऊन चिकटत होती. सर ओसरली, आणि दोनेक तासांत आकडा मूळ जागी आला. जमिनीतून रेडॉन वायू हवेत येतो, त्याच्या विघटनातून शिसं आणि बिस्मथ यांचे किरणोत्सारी अणू तयार होतात, पाऊस त्यांना खाली आणतो. त्यांचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा वेळ, अर्ध्या तासाच्या आतलं, म्हणून चढलेला आकडा तितक्याच लवकर उतरतो. कचऱ्याचा त्यात काही हात नव्हता.

त्या दिवशी मला हे काम कळलं. जागेचा स्वतःचा आकडा माहीत नसेल, तर वाढलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. जवळच्या एस्कडेलच्या ग्रॅनाइटच्या भिंतीशी यंत्र नेलं की ते जास्त दाखवतं. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात युरेनियम, थोरियम कमी, म्हणून तिथे आकडा लहान. केरळात करुनागप्पल्लीच्या मोनाझाइट या थोरियमयुक्त खनिजाच्या वाळूवर तो कितीतरी पट मोठा.

पण सगळंच निसर्गाच्या खात्यावर टाकता येत नाही. रेव्हनग्लासच्या खाडीतल्या गाळावर आकडा चढतो आणि पाऊस थांबला तरी उतरत नाही. 1970च्या दशकात सेलाफिल्डमधून समुद्रात सोडलेलं किरणोत्सारी सीझियम-137 त्या गाळात बसलंय. त्याचं अर्धायुष्य 30 वर्षांचं. हे माणसाने केलेलं आहे आणि लोकांना तसंच सांगितलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

कारण इथल्या लोकांना आठवण आहे. 1957 साली विंडस्केलच्या, म्हणजे आताच्या सेलाफिल्डच्याच जागेतल्या अणुभट्टीला आग लागली, तेव्हा सुमारे 500 चौरस किलोमीटर परिसरातलं दूध ओतून द्यावं लागलं होतं. आमच्या एका मोजणीच्या ठिकाणाजवळ राहणाऱ्या आजी तेव्हा शाळेत होत्या. वडील दुधाचे कॅन गटारात रिकामे करत होते, ते त्यांनी दारातून पाहिलंय. मी दिसले की त्या बाहेर येतात, आकडा विचारतात आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवतात.

अलीकडे त्या आकड्याआधी विचारतात, सकाळी पाऊस होता का?