तळमजल्याची मोरी आणि सोळा घरांचं ड्रेनेज

आमची सोसायटी डोंबिवलीतली. तळमजला अधिक तीन मजले, एकूण सोळा घरं. आम्ही तळमजल्यावर. गेल्या जूनमध्ये पहाटे बाथरूमचा दिवा लावला तर घोटाभर काळं पाणी, वर साबणाचा फेस आणि भाताची शितं. आमच्या घरात तेव्हा कुणी नळही उघडला नव्हता.

त्या महिन्यात चारदा असं झालं. नहाणीच्या जाळीवर ओलं पोतं, त्यावर पाट, पाटावर वरवंटा ठेवून आम्ही झोपायचो. सासूबाई ऐंशीच्या. त्यांना आंघोळीसाठी शेजारी न्यावं लागायचं, ते त्यांच्या फार जिवाला लागलं. तीनदा चोकअप काढणाऱ्यांना बोलावलं, दर वेळी दीड हजार, आमच्याच खिशातून. बांबूच्या पट्ट्या घालून जायचे, आठवड्यात पुन्हा तेच.

सोसायटीत विषय काढला तर उत्तर आलं, ‘वहिनी, पाणी तुमच्याकडे येतं, म्हणजे दोष तुमच्याच लाइनीत.’ पाणी वरच्या सगळ्यांचं आणि खर्च मात्र आमचा, हे मला पटेना.

चौथ्या वेळी आलेला प्लंबर वेगळा निघाला. त्यानं आधी पाचही चेंबर उघडायला लावले आणि माझ्याकडे चक्क कपड्यांची नीळ मागितली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या संडासात निळीचं बादलीभर पाणी ओतलं. दुसऱ्या चेंबरमध्ये निळं पाणी आलं, तिसऱ्यात येईना. तिथंच तुंबत तुंबत वर चढलं आणि थोड्या वेळानं आमच्या मोरीत निळं पाणी उगवलं. मी सगळ्यांना हाका मारून ते दाखवलं. काका बराच वेळ बघत उभे होते. मग म्हणाले, ‘अहो, हे तर आमच्या घरातलं.’ भांडण तिथं निम्मं संपलं.

चार इंची पाइपला साधारण चाळीस फुटांत एक फूट उतार लागतो. प्लंबरनं लेव्हलची नळी लावून पाहिलं, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या चेंबरमधली लाइन खचून उतार उलटा झाला होता. खणल्यावर चिनी मातीच्या जुन्या पाइपचा सांधा उघडा दिसला आणि त्यात उंबराची मुळं, वेणीसारखी घट्ट. शिवाय गच्चीचं पावसाळी पाणीही याच लाइनीत सोडलेलं होतं.

सेक्रेटरींनी मग आदर्श उपविधी, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांची नियमावली, काढून वाचले. ड्रेनेज लाइनची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चानं करायची, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. खर्च समितीच्या अधिकाराबाहेरचा होता, म्हणून पाच पूर्ण दिवसांची नोटीस देऊन विशेष सभा बोलावली. तीन कोटेशन आली. सगळ्यात स्वस्तवाला खोल चेंबरमध्ये पोऱ्या उतरवून गाळ काढू म्हणाला. त्याला मी सभेतच ठाम विरोध केला. सुरक्षेशिवाय माणसाला गटारात उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे, आणि कायदा नसता तरी माझ्या मोरीसाठी कुणाच्या लेकराचा जीव धोक्यात घालायला मी तयार झाले नसते. गाळ शेवटी मशीननं काढला.

एकूण खर्च 1,36,000 रुपये. दुरुस्ती निधीत 52,000 होते, उरले 84,000. समान वाटणी की क्षेत्रफळानुसार, यावर दोन तास गेले. सेवाशुल्क सगळ्यांना समान असतं, पण दुरुस्ती निधी घराच्या बांधकाम खर्चाच्या प्रमाणात घेतात, म्हणून चौरस फुटाला दहा रुपये ठरले. 420 फुटांच्या आठ घरांना 4,200 आणि 630 फुटांच्या आठ घरांना 6,300. आमच्या मोरीचा ट्रॅप आणि फरशी घरातली, त्याचे 6,500 मी वेगळे भरले. आधीचे साडेचार हजार मात्र सोसायटीनं पावत्या पाहून परत दिले.

काका पेन्शनवर. त्यांनी तीन हप्ते मागितले, सभेनं लगेच मान्य केले.

सहा इंची पीव्हीसी लाइन पडली, गच्चीचं पाणी वेगळं काढलं. काम झाल्यावर प्लंबरनं पुन्हा नीळ ओतली. या वेळी ती थेट शेवटच्या चेंबरमध्ये दिसली, काकांनीच वरून ओरडून विचारलं, ‘आली का?’ त्या रात्री सासूबाईंनी स्वतः पाट उचलून देवघरासमोर ठेवला.