चार पानांमागे एक दांडा

काल रात्री पाणी प्यायला उठले आणि तशीच टॉर्च घेऊन खिडकीशी गेले, सात नंबरच्या कुंडीतल्या अमॅरिलिसच्या कंदातून जे हिरवं टोक वर आलंय ते पान आहे की कळी हे बघायला. आठवडाभर माझा हाच उद्योग चाललाय. पान असेल तर टोक चपटं, जिभेसारखं गोलसर असतं. कळी असेल तर जाड, भाल्याच्या पात्यासारखी, आणि ती पानांच्या मधून न येता बाजूने, कंदाच्या खांद्यातून डोकं वर काढते. सात नंबरचं टोक जाड आहे. म्हणजे मला तरी वाटतंय. घरच्यांच्या मते ते पान आहे आणि मी झोपायला जावं.

अमॅरिलिसचं हे वेड ताईमुळे लागलं. तिने एका थंडीत एक खोका दिला, त्यात एक कंद, एक प्लास्टिकची कुंडी आणि कोकोपीटची वाळलेली चकती. मी कंद लावला, खिडकीत ठेवला आणि विसरले. दोन महिन्यांच्या आत हातभर दांडा आणि त्यावर पंजाएवढी चार लालभडक फुलं! बाहेर सगळं करडं, झाडं खराटे झालेली, आणि घरात हे. मला वाटलं, आपल्या हाताला गुण आहे बुवा. पुढच्या थंडीत त्याच कंदाला नुसती पानं आली. त्याच्या पुढच्या थंडीत पानंसुद्धा तीनच. ताईला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, पहिल्या वर्षीचं फूल तुझं नव्हतंच, ते ज्याने कंद वाढवला त्याचं होतं."

तेव्हा लागलं ते वाक्य. पण नंतर एक कंद माझ्या पाण्याच्या हौसेने बुडाशी कुजला, तो टाकायच्या आधी सुरीने उभा चिरला आणि तिचं म्हणणं डोळ्यांनी दिसलं. आत कांद्यासारखे पापुद्रे, आणि पापुद्र्यांच्या मधे एके ठिकाणी नखाएवढी फिकट पिवळी कळी, देठासकट, पूर्ण तयार. तिच्या आतल्या बाजूला अजून एक, तांदळाच्या दाण्याएवढी. कंद साधारण चार पानं करतो आणि मग एक फुलाचा दांडा, परत चार पानं, परत दांडा, असा हिशोब आत चालू असतो, आणि आत कळी धरल्यापासून ती बाहेर यायला वर्षभर तरी सहज जातं. म्हणजे या थंडीत जे फुलणार ते गेल्या वर्षीच ठरलेलं असतं आणि आत्ताच्या पानांवर आपण जी मेहनत घेतो ती पुढच्या वर्षाच्या खात्यात जमा होते. कंद उपाशी राहिला तर आतली कळी आतच सुकून जाते.

त्यामुळे माझ्यासाठी खरा सीझन फुलं संपल्यावर सुरू होतो. फूल कोमेजलं की ते तोडायचं, दांडा पिवळा पडला की बुडापासून कापायचा, पानाला मात्र हात लावायचा नाही. पानं दिसायला अगदी बावळट असतात, लांबलचक, इकडेतिकडे लोळणारी, पाहुणे विचारतात हे काय ठेवलंय, ठेवू दे. त्यांना जमेल तितका उजेड द्यायचा, कडक उन्हात एकदम नेलं तर भाजतात म्हणून हळूहळू न्यायचं, आणि उन्हाळाभर दर दोन आठवड्यांनी पातळ खत, पोटॅश जरा जास्त असलेलं. उन्हाळा सरला की पाणी बंद, पानं वाळू द्यायची आणि कुंडी आठ ते दहा आठवडे तेरा अंशांच्या आसपास, कोरड्या जागी. ट्युलिपला जशी थंडी लागतेच तसं याचं नाही, कळी आधीच धरलेली असते. ही विश्रांती आपल्या सोयीची, म्हणजे सगळे कंद एकदम जागे होतात आणि आपल्याला हव्या त्या महिन्यात फुलतात. उबेला आणून पाणी सुरू केलं की सहा ते आठ आठवड्यांत फुलं, काही आळशी दहाही घेतात.

हा नियम मी पॅपिलिओ नावाच्या याच्या भाऊबंदाला पण लावला आणि तिथे माती खाल्ली. पॅपिलिओ म्हणजे फिकट हिरवट पाकळ्यांवर मरून रेघा, फुलपाखरू बसल्यासारखं फूल, ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्याच्या जंगलातलं. ते सदाहरित आहे, झोपतच नाही. मी त्याचं पाणी तोडलं, पानं मुद्दाम वाळवली, दोन महिन्यांनी कंद हातात घेतला तर शिळ्या लिंबासारखा मऊ. मेला नाही, पण परत फुलायला तीन वर्षं घेतली त्याने, आणि ती तीन वर्षं मी त्याच्याकडे बघताना अपराधी होते.

लावायचं म्हणाल तर दोनच गोष्टी सांभाळायच्या. कुंडी तंग हवी, कंदाच्या सगळ्या बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर जागा बास, आणि कंदाचा वरचा तिसरा हिस्सा तरी मातीच्या बाहेर. मानेपर्यंत पुरला की पाणी मानेत साचतं आणि मग वास येतो, तो वास मला आता लांबून ओळखू येतो. टोक दिसेपर्यंत पाणी अगदी बेताने. नंतर कुंडी रोज थोडी फिरवायची नाहीतर दांडा उजेडाकडे झुकतो आणि फुलांच्या वजनाने कुंडीसकट आडवा, माझा एकदा रात्री दोन वाजता पडला, घरात चोर शिरलाय असं वाटून सगळे उठले. आणि हो, घरात मांजर-कुत्रं असेल तर जपून, कंदात लायकोरिन नावाचं विष असतं, खाल्लं की उलट्या.

नावाचा घोळ वेगळाच आहे. आपण कुंडीत लावतो ते शास्त्रीय भाषेत अमॅरिलिस नाहीच, ते दक्षिण अमेरिकेतलं हिप्पिएस्ट्रम. खरं अमॅरिलिस दक्षिण आफ्रिकेतलं, बेलाडोना. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये अमॅरिलिस हे नाव छापलं आणि ते नक्की कुठल्या झाडाचं यावर वनस्पतिशास्त्रज्ञ 1987 पर्यंत भांडत होते. निकाल आफ्रिकेच्या बाजूने लागला, खोक्यावर अजूनही अमॅरिलिसच लिहिलेलं असतं. आणि पहिला संकर कोणी केला तर आर्थर जॉन्सन नावाच्या इंग्लंडमधल्या एका घड्याळवाल्याने, 1799 च्या सुमाराला. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडे एवढा पेशन्स असणारच म्हणा.

जमवायला लागलं की हात आवरत नाही. माझ्याकडे रेड लायन या लाल फुलांच्या जातीचे तीन आहेत, त्यातला एकच मी रेड लायन म्हणून घेतला होता, उरलेले दोन पाकिटावर पांढरे होते. आता मी नावापेक्षा कंदाचा घेर बघते. घेर सेंटिमीटरमध्ये लिहिलेला असतो, 26/28, 34/36 असा, मोठ्या कंदाला दोन, कधी तीन दांडे येतात. हाताला जड आणि कडक लागला पाहिजे. दक्षिण गोलार्धातून आलेले कंद थंडीच्या सुरुवातीलाच फुलतात, डच कंद मागून येतात, दोन्ही ठेवले की खिडकी सलग भरलेली राहते. मोठ्या फुलांचा कंटाळा आला की सिबिस्टर गटातली, ला पाझसारखी, कोळ्याच्या पायांसारख्या बारीक पाकळ्यांची. कंदावर लाल डाग दिसला की बुरशी समजून घाबरू नका, नुसतं खरचटलं तरी हा कंद लाल होतो. मी एक धडधाकट कंद अशा भीतीने फेकलाय. पानांवर, दांड्यावर लाल चट्टे पसरत गेले आणि दांडा वाकडा व्हायला लागला तर मात्र खरंच बुरशी.

आणि ते मेणात बुडवलेले कंद, पाणी नको माती नको वाले, ते मला बघवत नाहीत. बऱ्याचदा बुडाची चकतीच कापलेली असते, म्हणजे मुळं फुटायची सोय नाही. साठवलेल्या शिदोरीवर एकदा फुलायचं आणि कचऱ्यात.

तर सात नंबर. पाच वर्षांपूर्वी रेड लायनचे पराग ॲपल ब्लॉसम या गुलाबी जातीच्या स्त्रीकेसरावर लावले, त्याचं तीन फाट्यांचं टोक उघडून चिकट झाल्यावर, कानातल्या कापसाच्या काडीने. (पॅपिलिओचे पण लावून बघितले होते, बी धरलं नाही. त्याच्यात गुणसूत्रांचे दोन संच, या मोठ्या फुलांमध्ये बहुतेक चार, जमणं अवघडच.) महिनाभराने बोंड तडकलं, आत जळक्या कागदाच्या कपट्यांसारखं काळं बी, एकावर एक रचलेलं. वाटीभर पाण्यावर तरंगत ठेवलं, तिसऱ्या आठवड्यात मुळं. चाळीसेक रुजली, बारा जगली, पाच वाटली. उरलेल्यांपैकी सहाच्या कंदांचा घेर अजून लिंबाएवढा आहे, सातव्याचा चांगला मुठीएवढा झालाय. लाल येणार, गुलाबी येणार का दोन्हीचा काला, काही सांगता येत नाही, हे फूल अजून कोणी बघितलेलंच नाही.

मघाशी परत बघून आले. टोक मधे किंचित फुगलंय. आधाराची काठी काढून ठेवलीय, पान निघालं तर टोमॅटोला लावेन.