नळीतले गोळे आणि शिरेतलं अस्तर

परवा पिंपळगावहून एक काका लॅबमध्ये आले. द्राक्षबागायतदार. दोन दिवसांचा ताप, सोबत घाबरलेला मुलगा. मशीनने प्लेटलेट दाखवल्या 38 हजार. मुलाने लगेच पपईच्या पानांसाठी घरी फोन लावला.

मी रक्ताचा थेंब काचेवर पसरून स्लाइड केली. पसरलेल्या थराच्या शेपटीकडे प्लेटलेटचे घोळकेच्या घोळके! मशीन घोळका मोजत नाही. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं, काहींच्या प्लेटलेट त्यात एकमेकींना चिकटतात. निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा रक्त घेतलं, त्यातल्या द्रवाने रक्त थोडं पातळ होतं म्हणून आकडा 1.1 ने गुणला. 1 लाख 87 हजार. फोन परत फिरला.

काका मात्र अडले. "ताई, नळीत गोळे होतात, मग अंगात का नाही?"

अंगात ईडीटीए नसतं, हे झालं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं शिरेच्या अस्तरात, म्हणजे एंडोथेलियममध्ये. पेशींचा एकच थर.

"द्राक्षाच्या मण्यावर पांढरी झाक असते तसं?"

उपमा झकास, पण ती झाक नुसती बसून असते. हे अस्तर सतत कामात. त्यातून प्रोस्टासायक्लिन आणि नायट्रिक ऑक्साइड सुटतं, ही दोन्ही रसायनं प्लेटलेटना शांत ठेवतात. एखादी प्लेटलेट बिथरून एडीपी नावाचं रसायन सोडून बाकीच्यांना हाका मारू लागलीच, तर अस्तरावरचं सीडी39 नावाचं एन्झाइम ते एडीपी तोडून टाकतं. प्रोस्टासायक्लिन 1976 मध्ये औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांच्या गटाला सापडलं. 1982 च्या नोबेलमध्ये वेन होते. आमच्या रिपोर्टात मात्र या अस्तराला साधा रकाना नाही, प्लेटलेटचा आकडा तेवढा ठळक.

काका रोज 75 ची अ‍ॅस्पिरिन घेतात. तिची गंमत इथेच आहे. घोळका जमवणारं थ्रॉम्बॉक्सेन ज्या एन्झाइममुळे बनतं, ते ती कायमचं बंद पाडते. प्लेटलेटला केंद्रक नाही, त्यामुळे नवं एन्झाइम बनवता येत नाही. आठ-दहा दिवसांचं उरलेलं आयुष्य तशीच काढते. अस्तराच्या पेशींना केंद्रक आहे, त्या नवं बनवतात आणि प्रोस्टासायक्लिन चालू राहतं.

सुई टोचली तिथे मात्र अस्तर फाटलेलं, खालचं कोलॅजन, म्हणजे शिरेच्या भिंतीतलं तंतुमय प्रथिन, उघडं. तिथे प्लेटलेटनी चिकटायलाच हवं. अ‍ॅस्पिरिनमुळे जरा उशीर लागतो, म्हणून काकांना बजावलं, "कापूस दाबून धरा, चोळू नका." त्यांनी दोनदा उचलून पाहिलाच.