एक टाकाही न घालता: आमची वाटचाल

आमच्या कारखान्यात शिलाई मशीन नाही. कारखाना म्हणजे नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराचा वरचा मजला. कटिंगची टेबलं, इस्त्र्या, ग्लूगन आणि कात्र्यांनी भरलेला एक डबा, एवढंच सामान. तोरणं, झेंडूच्या माळा, आपट्याची पानं, कापडी संत्री असा घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंतचा माल इथून निघतो आणि कशालाही टाका घातलेला नसतो.

यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. नवरात्राच्या तोंडावर शहरात एक टेलर रिकामा सापडत नाही. ब्लाऊजच आटपत नाहीत, तिथे तोरणाची किनार कोण मारून देणार? माझ्याकडे कामाला यायला तयार असलेल्या बायकांपैकी मशीन येणाऱ्याही मोजक्याच होत्या. कात्री आणि इस्त्री मात्र सगळ्यांच्या हातची. तेवढ्यावर जे होईल ते करायचं ठरलं.

शिवण नाही म्हटल्यावर सगळी भिस्त कापडावर. थान गांधीबागेतून येतं, जर आणि लेस इतवारीतून, आणि कातरण ओळखीच्या टेलरांकडून किलोवर. कातरणीच्या गाठोड्यात काय निघेल याचा नेम नसतो, म्हणून तुकड्याचा एक धागा ओढून जाळून बघायचा. कागद जळाल्यासारखा वास येऊन भुसभुशीत राख झाली तर सुती. टोकाला कडक गोळी आली तर पॉलिस्टर. इथून पुढे दोघांचे रस्ते वेगळे. पॉलिस्टर सॅटिनची पाकळी मेणबत्तीच्या ज्योतीजवळून नुसती फिरवली की कड वितळून बंद होते आणि पाकळी आपोआप वळते. सुतीला हे चालत नाही, ते पेटतं. सुती कापड उरेब, म्हणजे विणीला तिरकं कापायचं, मग धागे फारसे सुटत नाहीत, नाहीतर मागून इस्त्रीने फ्युजिंग, म्हणजे उष्णतेने चिकटणारं अस्तर लावायचं.

सगळ्यात जास्त खपतो तो झेंडू. दोनेक इंच रुंदीची उरेब पट्टी लांबीत दुमडायची, दुमडीच्या बाजूने जवळजवळ काप द्यायचे आणि उघड्या कडेला गोंद लावत गुंडाळत न्यायची. आतले वेढे घट्ट हवेत, बाहेरचे सैल. सगळे सारखेच आवळले तर झेंडूऐवजी दाढीचा ब्रश दिसतो. नव्या मुलीला हे सांगून कळत नाही, पाच-पन्नास फुलं हाताखालून गेली की तिचा हातच सैल पडायला लागतो.

आपट्याचं पान सोपं. जरीच्या कापडाला फ्युजिंग लावायचं, मधोमध दुमडून अर्धं पान कापायचं, उघडलं की दोन्ही पाळ्या सारख्या. दुमडीवर इस्त्री फिरवली की मधली शीरही उमटते. इस्त्री मात्र मंद आणि वर सुती फडकं, नाहीतर जर आखडते. दसऱ्याला आपटा म्हणून कांचनाच्या फांद्यासुद्धा ओरबाडून विकतात, ते बघवत नाही. आमचं सोनं लोक वाटतात आणि पुढच्या वर्षी तेच परत वाटतात. धंद्याच्या हिशेबाने हा माल वाईटच, पण मला सगळ्यात लाडका.

संत्र्याचं श्रेय आमच्याकडच्या एका मावशींचं. एका ताईंनी अमेरिकेतल्या मुलीसाठी कापडी भोपळे मागितले होते. तिकडे ऑक्टोबरात दारापुढे केशरी भोपळे मांडतात. कापडाच्या तुकड्यात कापूस भरायचा, तोंड रबरबँडने आवळायचं, बाहेरून सुतळी ओढून फाका पाडायच्या आणि देठाला दालचिनीची काडी. सुतळी लावायच्या आधीचा एक भोपळा टेबलावर पडला होता. मावशी म्हणाल्या, "हे तं संत्रंच दिसून राहिलं व!" आम्ही तो लहान केला, वर हिरवं पान लावलं. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास कळमन्याच्या बाजारात उतरतात, त्याच दिवसांत आमचीही बाहेरगावच्या भेटींत जायला लागली.

गोंदाचं नागपूरच्या हवेशी पटत नाही. मे महिन्यात ४५ अंशांत पत्र्याखाली ठेवलेल्या मालाचा ग्लूगनचा सांधा मऊ पडतो, आणि श्रावणात पांढरा गोंद वाळता वाळत नाही. म्हणून वजन पेलणारा सांधा गोंदाच्या भरवशावर सोडायचा नाही, आत बारीक तार असतेच.

उधारीचं थोडक्यात सांगते. एका शोरूमने जाकडवर, म्हणजे विकला नाही तर परत या बोलीवर नेलेला माल दिवाळीनंतर चुरगळून परत पाठवला. तेव्हापासून जाकड बंद, मग दुकान कितीही मोठं असो.

पितृपक्षात नवी खरेदी थांबते, त्या पंधरवड्यात आम्ही पॅकिंग उरकतो. मग एकदम झुंबड. दसऱ्याला फक्त झेंडूच लागतो असंही नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथेच धम्मदीक्षा घेतली, ती अशोक विजयादशमी होती. त्यामुळे निळ्या, पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि केशरी अशा पंचशील रंगांच्या तोरणांची मागणी मोठी असते. हे रंग क्रमानेच लावावे लागतात, म्हणून ते काम जुन्या बायकांकडे. त्या दिवसांत दीक्षाभूमीकडचे रस्ते माणसांनी भरलेले असतात, तिकडची डिलिव्हरी आम्ही आधीच पोचवून मोकळे होतो.

मापाचं तोरण हवं असेल तर चौकटीची आतली रुंदी कळवा, बाहेरची नको. मापाच्या ऑर्डरी पितृपक्ष लागेपर्यंत घेतो. नंतर याल तर टेबलावर तयार असेल त्यातूनच निवडावं लागेल.