भुऱ्याच्या पाठीवरची खपली

गेल्या जुलैत उपवन तलावाकडून भिजून आलेल्या भुऱ्याचे अंग पुसताना त्याच्या कानामागे रुपयाएवढा, केस गेलेला चट्टा माझ्या हाताला लागला. ठाण्याच्या पावसाळ्यात कुत्र्यांना असे काहीबाही होतेच, असे समजून मी आठवडा जाऊ दिला. पुढे जवळच्या एका दवाखान्यात त्वचेला हातही न लावता ॲलर्जीचे निदान झाले आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन व गोळ्या मिळाल्या. खाज दोन दिवसांत थांबली, म्हणून आम्ही निर्धास्त झालो. तेच महागात पडले.

तीन आठवड्यांत त्याचे पंजे सुजले आणि पाठीवर खपल्या धरल्या. कोमट पाण्याने खपली भिजवून सोडवली की तिच्याबरोबर केसांचा पुंजका निघे आणि खालच्या लाल छिद्रातून रक्तमिश्रित पू येई. ताप 104 अंशांवर गेला तेव्हा आम्ही दुसऱ्या डॉक्टर मॅडमकडे धावलो.

"आधी खरवडून बघू, औषधाचं मग," त्या म्हणाल्या. त्यांनी कातडी चिमटीत दाबली, बोथट ब्लेडवर तेलाचा थेंब घेतला आणि रक्त पाझरेपर्यंत खरवडले. सूक्ष्मदर्शकाखाली सिगारसारखे लांबट, आखूड पायांचे किडे वळवळताना मी स्वतः पाहिले. डेमोडेक्स नावाचे हे किडे पिल्लाला पहिल्या काही दिवसांत आईच्या अंगावरून मिळतात आणि बहुतेक कुत्र्यांच्या केसांच्या मुळांशी अल्प संख्येने निमूट राहतात; प्रतिकारशक्ती खालावली की मात्र त्यांची संख्या बेसुमार वाढते, केसांची मुळे फुटतात आणि जिवाणू त्वचेत खोलवर शिरतात. पहिला चट्टा स्टेरॉइडच्या आधीचा असल्याने सारा दोष त्या औषधावर टाकता येणार नाही, पण स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबते, म्हणून आग भडकली ती त्यानेच, असे माझे मत आहे. पाच वर्षांच्या कुत्र्याला हा आजार नव्याने झाला की आत दुसरे दुखणे दडलेले असू शकते, म्हणून थायरॉइडसह रक्ताच्या तपासण्याही झाल्या. त्यांत काही निघाले नाही.

पुवाच्या कल्चरमध्ये, म्हणजे त्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून केलेल्या तपासणीत, स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस हा जिवाणू सापडला आणि कोणते प्रतिजैविक लागू पडेल ते त्या अहवालावरूनच ठरले. ते सहा आठवडे चालले. किड्यांसाठी महिन्याला एक चघळायची गोळी होती. (आकडी येणाऱ्या कुत्र्याला ती जपूनच देतात, हे मला तेव्हा प्रथम कळले.) सगळ्यात कठीण काम आंघोळीचे होते, कारण क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शांपू अंगावर दहा मिनिटे राहावा लागतो आणि तेवढा वेळ भुऱ्याला बाल्कनीत धरून ठेवायला दोन माणसे लागत.

ऑक्टोबरात पाठ केसांनी भरली, तरी मॅडमनी गोळी थांबवली नाही. महिन्याच्या अंतराने केलेल्या दोन्ही खरवडी स्वच्छ निघाल्यावर, डिसेंबरात, ती बंद झाली. पुढे वर्षभर लक्ष ठेवायला सांगितले असल्याने मी रोज रात्री त्याच्या कानामागे बोटे फिरवून पाहते.