स्काय आयलंड लॉग: माउंट राइटसन झाला, आता चिरिकावा

मंडळी, बरेच दिवस इथे काही टाकलं नव्हतं, पण राइटसन एकदाचा झाला! नवीन लोकांसाठी थोडक्यात, मी टूसॉनला असतो आणि कोरोनाडो नॅशनल फॉरेस्टमधले डोंगर एकेक करत फिरतोय. हे फॉरेस्ट सलग नाहीये, आग्नेय ॲरिझोनाच्या वाळवंटात सुटेसुटे डोंगर उभे आहेत आणि मधे नुसतं कोरडं सपाट, म्हणून त्यांना स्काय आयलंड म्हणतात. आधीचे रिपोर्ट कॅटालिना रांगेचे होते, हा सांता रीटा रांगेचा.

ओल्ड बाल्डी ट्रेल घेतला, मदेरा कॅन्यनमधून. एका बाजूला ५.४ मैल आणि चढ साधारण ४,००० फूट. गंमत म्हणजे गाडी लावतो ती जागाच ५,४०० फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याइतकी, आणि तिथून पुढे चालायला सुरुवात. सह्याद्रीत वाढलेल्यांना चढ फार वाटणार नाही हो, पण हवा विरळ आणि कोरडी, घाम येतो ते कळतच नाही कारण लगेच वाळतो, त्यामुळे तहान लागायच्या आधीच पीत राहायचं. आपल्याकडे गडावर टाकं असतं, पायथ्याच्या गावात कोणीतरी चहा-पोहे देतं, इथे तसलं काही नाही. वाटेत बेलोज स्प्रिंग लागतो, पण त्याच्या भरवशावर निघू नका आणि तिथलं पाणी फिल्टर केल्याशिवाय पिऊ नका. मी चार लिटर घेतलं होतं, उतरेपर्यंत जेमतेम पुरलं.

मला या डोंगरांत सगळ्यात काय आवडतं तर झाडं बघून उंची कळते. खाली हायवेकडे मेस्किट आणि काटे, कॅन्यनमध्ये ओढ्याकाठी सिकॅमोर आणि ओक, मग ॲलिगेटर जुनिपर (खोड खरंच मगरीच्या पाठीसारखं चौकटी-चौकटीचं), आणि त्याच्या वर पाइन सुरू झाले की सावलीत एकदम गार वाटायला लागतं. उत्तरेच्या उतारावर तर डग्लस फरसुद्धा. एका सकाळीत ॲरिझोनातून कॅनडाकडे सरकल्यासारखं, आणि मी आता घड्याळातला अल्टिमीटर बघणंच सोडलंय. वरच्या भागात मात्र जळकी खोडं अजून उभी आहेत, २००५ च्या फ्लोरिडा फायर नावाच्या वणव्यातली, तिथे वारा असेल तर रेंगाळू नका.

जोसेफिन सॅडलला (सॅडल म्हणजे खिंड) थांबलात तर तिथली पाटी वाचा. नोव्हेंबर १९५८ मध्ये अचानक आलेल्या बर्फाच्या वादळात तीन बॉय स्काउट मुलं इथे दगावली. वाळवंटातला डोंगर म्हणून जॅकेट गाडीत ठेवून जाणारे दर वेळी दिसतात, त्यांना तिथे दोन मिनिटं उभं करावंसं वाटतं.

बाल्डी सॅडलनंतर शेवटचा टप्पा खडकाळ आणि उघडा आहे, जपून. माथा साधारण ९,४५० फूट, वर जुन्या फायर लुकआउटचा (वणव्यांवर नजर ठेवायच्या चौकीचा) पाया अजून दिसतो. दक्षिणेला मेक्सिको, पश्चिमेला लांब किट पीक, आणि जवळच माउंट हॉपकिन्सवरची व्हिपल वेधशाळा, अगदी डोळ्यासमोर. याच रांगेत २०१२ ते २०१५ दरम्यान एल हेफे हा जग्वार कॅमेऱ्यात सापडत होता. मला अर्थात दिसल्या त्या फक्त खारी, आणि खाली ट्रोगन पक्ष्यासाठी मोठमोठ्या लेन्स घेऊन बसलेले पक्षीवाले.

सीझनबद्दल: जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर पहाटेच निघा, मान्सूनचे ढग दुपारी भराभर चढतात आणि वीज माथा सोडत नाही, बारापर्यंत सॅडलच्या खाली आलेलं बरं. मला विचाराल तर ऑक्टोबर सगळ्यात भारी.

आता पुढचा नंबर चिरिकावा पीकचा, रस्लर पार्कवरून क्रेस्ट ट्रेलने. माथ्यावर झाडीच आहे, व्ह्यू काही नाही, पण रांग बघायचीय. माउंट ग्रॅहमही डोक्यात होता, पण त्याचा अगदी वरचा भाग लाल खारींच्या संरक्षणासाठी बंद असतो आणि वरचा रस्ता १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बंद, त्यामुळे तो उन्हाळ्यात बघू. रस्लर पार्कच्या कच्च्या रस्त्यावरून हल्ली कोणी गेलंय का? साधी सेडान वरपर्यंत जाते की कोणाची तरी एसयूव्ही मागावी लागेल?